अन्ननलिकेचा संकोच : दाहक द्रव्ये, बालके आणि शाळा

(आरोग्यशिक्षण : शिक्षकांसाठी अभ्यासलेख व पाठाची रूपरेषा)

१. विषयाचे प्रयोजन

दाहक पदार्थ म्हणजे काय, हे रत्नागिरी जिल्ह्यातील मुलास पुस्तकातून सांगावे लागत नाही. ओल्या काजूबीचे टरफल दातांनी फोडले की ओठ भाजतात, आणि झाडावरून नुकताच उतरलेला आंबा देठाकडून तोंडाला लावला की चिकाने हनुवटी उलते, हे ज्ञान ते शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच मिळवते. ही इजा कातडीवर होते, डोळ्यांना दिसते आणि काही दिवसांत खपली धरून बरी होते. परंतु याहून कितीतरी तीव्र अशी द्रव्ये आज खेडोपाडी घरात आली आहेत. शौचकूप व फरशी धुण्याचे ॲसिड, साबण करण्याचा कॉस्टिक सोडा, मोरी मोकळी करण्याची भुकटी, होडीच्या किंवा वाहनाच्या बॅटरीतील ॲसिड ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. यांपैकी एखाद्या द्रव्याचा एक घोट जरी मुलाच्या पोटात गेला, तरी इजा अशा ठिकाणी होते की ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. शिवाय ती भरून येताना जो वण उरतो, तो अन्नाचा मार्गच बंद करू लागतो. यासच अन्ननलिकेचा संकोच म्हणतात.

हा विषय वैद्यकाचा असला तरी शिक्षकाशी त्याचा तीन ठिकाणी संबंध येतो. अशा अपघातात सापडणारी बालके बहुधा एक ते पाच वर्षांची असतात. त्यांची राखण करणारी थोरली भावंडे शाळेत असतात. अपघात घडताच गावात ज्यांच्याकडे धाव घेतली जाते, त्यांत शिक्षक असतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : इजा झालेले मूल काही दिवसांनी बरे होऊन शाळेत येते व त्यानंतर त्याचा खरा आजार सुरू होतो. त्या वेळी ते दुपारच्या भोजनाला शिक्षकाच्या डोळ्यांसमोर बसलेले असते.

२. अन्ननलिकेची रचना व दाहक द्रव्यांचे कार्य

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी स्नायूंची लवचीक नळी आहे. प्रौढ माणसात तिची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर असते. नवजात बालकात ती ८ ते १० सेंटिमीटरच असते. घास गिळला की नळीचे स्नायू क्रमाक्रमाने आकुंचन पावून त्यास खाली ढकलतात. या नळीत आरंभी, मध्यभागी व जठरात शिरण्यापूर्वी अशा तीन जागा निसर्गतःच थोड्या अरुंद असतात. गिळलेले द्रव्य तेथे क्षणभर अधिक रेंगाळते, म्हणून तेथील इजाही बहुधा अधिक असते.

दाहक द्रव्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत : अल्क आणि आम्ल. कॉस्टिक सोडा, कळीचा चुना, मोरी मोकळी करण्याच्या काही भुकट्या ही द्रव्ये अल्कवर्गात मोडतात. तीव्र अल्क हे शरीरातील मेदाचा साबण करते व प्रथिने विरघळवते. त्यामुळे ते पृष्ठभागावर न थांबता नळीच्या भिंतीत खोल शिरत जाते. त्यास उग्र वास नसतो, आणि त्याचे पांढरे कण किंवा पापुद्रे मुलास मिठासारखे वा साखरेसारखे वाटू शकतात. शौचकूप धुण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड व बॅटरीतील सल्फ्युरिक ॲसिड ही आम्ले होत. आम्लाने प्रथिने गोठतात व पृष्ठभागावर कठीण पापुद्रा बनतो. तो आम्लास खोल जाण्यास काहीसा अडथळा करतो. मात्र आम्ल वेगाने जठरात उतरून तेथेही, विशेषतः त्याच्या खालच्या मुखाशी, मोठी इजा करते. म्हणून या दोहोंत अमके सौम्य आणि तमके भयंकर असा भेद शिक्षकाने मनात ठेवू नये.

खेळण्यांत, घड्याळांत व दूरनियंत्रकांत असणाऱ्या गुंडीच्या आकाराच्या चपट्या बॅटऱ्यांचाही येथे उल्लेख करणे अवश्य आहे. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर तिच्या विद्युत्प्रवाहाने सभोवती तीव्र अल्क तयार होते, आणि अवघ्या दोन तासांत नळीची भिंत गंभीर रीतीने भाजते. ‘शौचावाटे पडून जाईल’ म्हणून वाट पाहणे येथे घातक ठरते.

३. इजेच्या तीन अवस्था

पहिली अवस्था प्रथमच्या एक-दोन दिवसांची. ओठ, जीभ व घसा सुजतो, लाळ गळते, मूल गिळण्यास नकार देते, छातीत वा पोटात दुखते. स्वरयंत्र सुजल्यास आवाज घोगरा होतो व श्वास घेताना घरघर ऐकू येते. हे लक्षण तत्काळ धोक्याचे समजावे. तोंडात व्रण दिसत नाहीत, म्हणून अन्ननलिका सुरक्षित आहे, असे मात्र म्हणता येत नाही. द्रव्य तोंडातून झरकन खाली गेलेले असू शकते.

दुसरी अवस्था साधारणतः दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत चालते. मेलेला थर सुटू लागतो व खालची भिंत अतिशय दुबळी असते; ती फाटण्याचा धोका या काळात अधिक असतो. तथापि बाहेरून पाहणारास चित्र उलटे दिसते. सूज ओसरते, वेदना कमी होतात, मूल पातळ पेज व दूध घेऊ लागते. घरच्यांना वाटते, संकट टळले. आणि मूल शाळेत पाठविले जाते. हाच मधला फसवा काळ होय.

तिसरी अवस्था तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते. व्रण भरून काढण्यासाठी शरीर तेथे तंतुमय ऊती निर्माण करते. या तंतूंचा धर्म आकुंचन पावण्याचा. हातावर खोल भाजलेल्या जागी कातडी आवळून बोट वाकडे होते, तसाच प्रकार नळीच्या आत घडतो. फरक एवढाच की नळीच्या सभोवार पसरलेला व्रण आवळला गेला, की तिचे छिद्र लहान होत जाते. प्रथम भाकरी उतरत नाही, मग भात, मग मऊ भात, आणि शेवटी पेज व पाणीही. हा क्रम काही आठवड्यांचा, क्वचित काही महिन्यांचाही असतो. आणि तो इतका हळू असतो की रोज पाहणाऱ्या घरच्या माणसांच्या तो लक्षात येतोच असे नाही.

४. पहिल्या तासात काय करावे, काय करू नये

अशा प्रसंगी घरोघर जे उपाय योजले जातात, त्यांतील बहुतेक अपायकारक आहेत. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून वांती करविणे हा त्यांतील सर्वांत मोठा अपाय होय. जे द्रव्य खाली जाताना नळी जाळत गेले, ते वर येताना तिला दुसऱ्यांदा जाळते. शिवाय ते श्वासनलिकेत शिरण्याचे भय असते. ॲसिडवर सोडा, किंवा कॉस्टिकवर लिंबू अथवा व्हिनेगर देऊन मारक करण्याचा प्रयत्नही करू नये. दोहोंच्या संयोगाने उष्णता निर्माण होते व भाजलेल्या जागी आणखी भाजते. कोळशाची पूड, तेल, तूप, अंडे यांपैकी काहीही देऊ नये.

करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. तोंडाभोवतीचे द्रव्य ओल्या स्वच्छ कापडाने पुसावे. मूल समजदार असल्यास त्यास पाण्याने चूळ भरून थुंकावयास लावावे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज काहीही पाजू वा खाऊ घालू नये. अंगावर वा डोळ्यांत द्रव्य गेले असल्यास कपडे उतरवून तो भाग वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे धुवावा. चुन्याचे कण असल्यास ते प्रथम झटकून काढावेत. मुलास बसते ठेवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही विनामूल्य सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. द्रव्याची बाटली किंवा पुडी वेष्टनासह बरोबर न्यावी. कोणते द्रव्य, अदमासे किती आणि किती वाजता, या तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्यास डॉक्टरांचा बहुमोल वेळ वाचतो. घाबरलेल्या आईबापांपेक्षा हे काम शिक्षक अधिक नीट करू शकतो.

मूल हसत-खेळत असले तरीही त्यास डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे.

५. रुग्णालयातील उपचार

रुग्णालयात प्रथम श्वासमार्ग सुरक्षित केला जातो व शिरेतून द्रव दिला जातो. त्यानंतर, बहुधा पहिल्या २४ तासांच्या सुमारास, मुलास भूल देऊन लवचीक दुर्बिणीने अन्ननलिका आतून पाहतात. या पाहणीत दिसणाऱ्या इजेची जी प्रतवारी आज जगभर वापरली जाते, ती भारतातच तयार झाली. चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉ. झरगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. केवळ लाली व सूज ही पहिली प्रत. उथळ व्रण ही दुसरीची ‘अ’ प्रत. खोल किंवा नळीच्या सभोवार पसरलेले व्रण ही ‘ब’ प्रत. आणि ऊती काळवंडून मरणे ही तिसरी. पहिल्या प्रतीची व दुसरीच्या ‘अ’ प्रतीची इजा बहुधा वण न ठेवता भरते. त्यापुढील प्रतींत संकोचाचा संभव मोठा असतो. म्हणून अशा मुलांची तीन-चार आठवड्यांनी बेरियम नावाचे पांढरे औषध पाजून क्ष-किरण तपासणी करतात. क्ष-किरणांत नळी कोठे व किती लांब आवळली आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

संकोचावरील मुख्य उपचार म्हणजे नळी हळूहळू रुंद करणे. ही कल्पना फार जुनी आहे. पूर्वी त्यासाठी मेणाच्या शलाका वापरीत; त्या शलाकेचे ‘बूजी’ हे नाव अल्जीरियातील ज्या बंदरातून मेण येत असे, त्याच्या नावावरून पडले. आज दुर्बिणीतून एक बारीक तार अरुंद भागापलीकडे नेतात, आणि तिच्यावरून निमुळत्या शलाका क्रमाने सरकवतात. किंवा फुगा आत नेऊन तो अरुंद जागी फुगवतात. एका बैठकीत छिद्र थोडेच वाढवावयाचे असते. अडथळा जाणवू लागल्यावर पुढे साधारणतः एकेका मिलिमीटरच्या तीन पायऱ्यांहून अधिक जाऊ नये, असा संकेत आहे. घाई केल्यास भिंत फाटते.

नळी एकदा रुंद केली तरी तंतू पुन्हा आवळतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने ही क्रिया पुनःपुन्हा करावी लागते, व ती कित्येक महिने, काही मुलांत वर्षानुवर्षे चालते. दाहक द्रव्यांमुळे झालेला संकोच इतर कारणांनी होणाऱ्या संकोचाहून अधिक चिवट असतो. काही वेळा अरुंद जागी औषध टोचतात वा लावतात, त्यामुळे आवळणे मंदावते. मधल्या काळात मुलाचे पोषण थांबू नये म्हणून पोटाच्या भिंतीतून जठरात नळी बसवून त्यातूनही अन्न देतात. या सर्व उपायांनी यश न आल्यास शस्त्रक्रिया करून मोठ्या आतड्याचा भाग किंवा जठर वर आणून त्याची नवी अन्ननलिका करतात. अशा रुग्णांत अनेक दशकांनंतर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव इतरांहून अधिक असतो. म्हणून मोठेपणीही अधूनमधून तपासणी करणे इष्ट असते.

या उपचाराचे यश यंत्रापेक्षा चिकाटीवर अधिक अवलंबून आहे. बालशल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व लहान मुलांची दुर्बीण ही सामग्री मोठ्या रुग्णालयांतच असते. मंडणगड-दापोलीकडील कुटुंबास मुंबईची आणि राजापूर-लांज्याकडील कुटुंबास कोल्हापूरची वाट धरावी लागणे शक्य असते. मुंबईस परळ येथे मुलांसाठी असलेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून कार्य करीत आहे. चार-पाच खेपा झाल्या, पेज व मऊ भात उतरू लागला, की आईबापांस वाटते आता पुरे. भाताची लावणी तोंडावर असते, एस. टी. चे भाडे असते, मजुरी बुडते. खेपा बंद पडतात व दोन महिन्यांत नळी होती तितकी अरुंद होते. येथे पालकांस समजावून सांगणारा माणूस लागतो, आणि गावात तो बहुधा शिक्षकच असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून साहाय्य मिळू शकते का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा असे मूल त्याच्यापुढे आवर्जून आणावे.

६. शाळेत ओळखावयाची लक्षणे

पुढील खुणा दिसल्यास शिक्षकाने त्या खोडी वा हट्ट समजू नयेत :

(१) मूल इतरांच्या दुप्पट वेळ जेवते, आणि प्रत्येक घासाबरोबर पाणी पिते.
(२) खिचडीतील डाळीचे पाणी पिऊन भात टाकून देते, उसळीचे दाणे चघळून थुंकते.
(३) गिळलेला घास न पचता परत येतो; जेवताना खोकला येतो, लाळ गळते.
(४) वजन घटते, वर्गात ग्लानी येते, कपडे सैल होतात.
(५) मूल इतरांसमवेत जेवण्याचे टाळते व डबा लपवून ठेवते.

‘ताटात अन्न टाकू नये’ ही शिकवण चांगली. पण या मुलावर तिची सक्ती केल्यास त्याचा जीव धोक्यात येतो. अशा मुलास स्वतंत्र वेळ द्यावा, मऊ भात, कुळथाची पिठी, नाचणीची आंबील, गाळलेला आमरस असे पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने घेऊ द्यावेत. फणसाचे गरे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, काटेरी मासे व सुपारी यांपासून त्यास जपावे. उपचाराच्या दिवसांची गैरहजेरी सहानुभूतीने पाहावी व बुडालेला अभ्यास भरून काढावा. पोटाला नळी लावलेले मूल शाळेत आल्यास इतर मुलांना दोन वाक्यांत समजावून सांगावे, म्हणजे कुतूहलाची चेष्टा होत नाही.

कधी घास अरुंद जागी अडकून बसतो. मूल बोलू शकते, श्वास घेऊ शकते, परंतु स्वतःची थुंकीही त्यास गिळता येत नाही. माशाचा काटा अडकल्यावर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळावयास देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती येथे कटाक्षाने टाळावी. काहीही न देता त्यास रुग्णालयात न्यावे. श्वासच कोंडून मुलास बोलता-खोकता येत नसेल, तर तो प्रकार निराळा : तेव्हा त्यास पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये जोराने थापा माराव्यात, त्याने न भागल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत व वर असे झटके द्यावेत, व त्याच वेळी मदत बोलवावी. तसेच नळी रुंद करून आलेल्या मुलास ताप, छातीत दुखणे, धाप किंवा मानेवर सूज ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये. नळी फाटल्याची ती खूण असू शकते.

७. वर्गपाठाची रूपरेषा (इयत्ता ३ री व ४ थी, परिसर अभ्यास)

उद्देश : दाहक द्रव्ये ओळखणे, ती खाद्यपेयाच्या भांड्यांत का ठेवू नयेत हे समजणे, अपघात घडल्यास काय करावे ते सांगता येणे.

साहित्य : सायकलीच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा, रबरबँड, पातळ पेज, शिजलेला भात, परात. वर्गात खरे ॲसिड वा कॉस्टिक कधीही आणू नये.

पूर्वज्ञान : काजूच्या टरफलाने ओठ का भाजतात? आंब्याचा चीक प्रथम का काढून टाकतात?

प्रयोग : ट्यूबचा तुकडा उभा धरून त्यातून प्रथम पेज व मग भात सोडावा, दोन्ही खाली उतरतात. आता मध्यावर रबरबँडचे घट्ट वेढे द्यावेत. पेज हळूहळू उतरते, भात अडतो. ट्यूबमध्ये बोट घालून अरुंद जागा रुंद करावी व बोट काढून घ्यावे. ती पुन्हा आवळते. वणाचे आवळणे असेच असते, आणि डॉक्टरांना तोच उपचार वारंवार का करावा लागतो, हे मुलांना एका दृष्टिक्षेपात कळते.

फलकलेखन :
बाटली पाण्याची, तर आत पाणीच.
नाव नसलेल्या बाटलीस तोंड लावू नये.
ॲसिड व सोडा उंच ठिकाणी, कुलपात.
गिळले तर वांती नको, काही पाजणे नको, बाटलीसह दवाखाना.

गृहपाठ : घरातील मोरी, न्हाणीघर व पडवीत कोणत्या बाटल्यांवर नाव नाही, याची यादी वडीलधाऱ्यांसमवेत करावी. मुलांनी स्वतः बाटल्या हाताळू नयेत.

८. प्रतिबंध : कायदा आणि सवय

या अपघातांविरुद्ध पहिला मोठा लढा अमेरिकेतील डॉ. शेव्हालिए जॅक्सन (१८६५-१९५८) यांनी दिला. तेथे घरोघरी वापरल्या जाणाऱ्या दाहक क्षाराने अन्ननलिका बंद झालेली शेकडो बालके त्यांनी पाहिली. अशा एका सात वर्षांच्या मुलीची हकीकत त्यांनी आत्मचरित्रात नमूद केली आहे. पाण्याचा थेंबही तिच्या घशाखाली उतरत नव्हता. त्यांनी अडथळा दूर केल्यावर तिला पेलाभर पाणी देण्यात आले. ठसका लागेल या भीतीने तिने एक घोट घेतला, तो उतरला. आणखी घेतला, तोही उतरला. मग पेला बाजूस सारून तिने डॉक्टरांच्या हाताचे चुंबन घेतले. परंतु केवळ उपचारावर समाधान न मानता जॅक्सन यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १९२७ मध्ये अशा द्रव्यांच्या डब्यांवर ‘विष’ अशी सूचना व प्रथमोपचार छापण्याची सक्ती करणारा कायदा तेथे संमत झाला.

भारतात आम्लहल्ल्यांसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी आदेश दिला. ॲसिडच्या किरकोळ विक्रीची नोंद ठेवावी, ग्राहकाचे ओळखपत्र व प्रयोजन पाहावे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस ॲसिड विकू नये, असे त्यात सांगितले आहे. मुलाच्या हातात पैसे देऊन दुकानातून ॲसिड आणविणे हे यामुळेही गैर ठरते.

तथापि कायद्याचा हात न्हाणीघरापर्यंत पोहोचत नाही. तेथे सवयच उपयोगी पडते. सुटे ॲसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे, हे या अपघातांचे फार मोठे कारण आहे. तहानलेले मूल रंगीत बाटली पाहून ती तोंडाला लावते, त्यात त्याचा काही दोष नसतो. द्रव्य मूळ बाटलीतच ठेवावे, तिचे वेष्टन काढू नये, व ती जमिनीवर न ठेवता उंच जागी बंद करून ठेवावी. शक्य तेथे ॲसिडऐवजी साबणाचे पाणी व खरारा वापरावा.

याचा आरंभ शाळेनेच करावयास हवा. शाळेच्या शौचकूपासाठी आणलेले ॲसिड आणि पाणी शुद्ध करण्याची भुकटी कोठे ठेवली आहे, बाटलीवर नाव आहे काय, कुलूप आहे काय, किल्ली कोणाकडे आहे, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे व अंगणवाडीसेविकांसही दाखवावे. पुढील पालकसभेत हा विषय दहा मिनिटे घ्यावा. आणि अपघातातून उठून आलेले एखादे मूल पटावर असेल, तर निदान तीन महिने त्याच्या ताटाकडे रोज एकदा लक्ष द्यावे. पूर्वी खाल्लेला भात त्याला आज गिळवत नाही असे दिसले, की त्याच दिवशी पालकांस बोलावून त्यास डॉक्टरांकडे पाठवावे.